पैसे घ्यायला अंगठा लागत नाही

समजा, तुमचे घर नागापुरात आहे. नगर-मनमाड रस्त्यावरचे हे गाव आता नावापुरतेच गाव राहिले. एमआयडीसी आली, शेजारच्या बोल्हेगावासह गाव महापालिकेत गेले आणि रानांच्या जागी कामगारांच्या भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. तरी काही घरांच्या मागे अजून गोठा आहे. तुमच्याही आहे. चार गाई होत्या, चारा परवडेना म्हणून तीन विकल्या. राहिलेल्या एकीपुरता कडबा हातानेही तोडता येतो. तेव्हा दोन अश्वशक्तीच्या मोटारीचे कडबाकुट्टी यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडले आहे.

कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "आण्णा, मोबाईलवर टाकू का? जुन्या वस्तू घेतात लोक." तुम्ही म्हणता, टाक. ती चार बाजूंनी फोटो काढते, किंमत लिहिते १२ हजार रुपये, खाली तुमचा नंबर. चहाची बशी खाली ठेवायच्या आत फोन वाजतो.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलतो, पण मोठ्या अदबीने. "जय हिंद, सर." तो लष्करात आहे म्हणे, नुकतीच नगरच्या कॅम्पात बदली झाली आहे आणि गावाकडे वडिलांना यंत्र पाठवायचे आहे. किंमत? "जो लिखा है वही दूँगा." यंत्र बघायला यायला सवड नाही, ड्यूटी कडक आहे, लष्कराची गाडी येऊन उचलून नेईल. तुमचा विश्वास बसावा म्हणून लागलीच ओळखपत्राचा, कँटीनच्या कार्डाचा आणि गणवेशातला असे तीन फोटो धाडतो. मग म्हणतो, पैसे आत्ताच घ्या. आधी पाच रुपये पाठवून बघतो, पोचले का सांगा. पाच रुपये खरोखर येतात. पाठोपाठ ठिपक्याठिपक्यांचे एक चौकोनी चित्र येते, किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ चिकटवलेले असते तसले. "इसे स्कॅन कीजिए, पिन डालिए, बारह हजार आपके खाते में आ जाएँगे."

मुलगी स्कॅन करते. तुम्ही पिन टाकता. बारा हजार खात्यातून जातात.

तुम्ही ओरडता, तर तो तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेला. चूक झाली, मशीनमध्ये बिघाड आहे, पुन्हा एकदा करा म्हणजे चोवीस एकदम परत येतील. आणि खरे सांगायचे तर अशा वेळी माणूस दुसऱ्यांदाही पिन टाकतो.

ही गोष्ट कुणा एकाची नव्हे, मी जुळवून सांगितली आहे. पण तिच्यातली एकही पायरी माझ्या पदरची नाही. देशभरातून पोलिसांकडे आलेल्या असल्या तक्रारींत हाच क्रम पुन्हापुन्हा दिसतो: जवानाचे सोंग, घासाघीस नाही, पाच-दहा रुपयांचे आमिष, मग चौकोनी चित्र. २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीत एका मोठ्या राजकारणी घराण्यातल्या, चांगल्या शिकलेल्या मुलीने जुना सोफा विकायला काढला होता. तिचे याच पद्धतीने दोन खेपांत ३४ हजार रुपये गेले. तेव्हा "आमची पोरगी खुळी" म्हणून घरातल्या मुलीला बोल लावण्याआधी हे ध्यानात असू द्या.

कुणी फसला की गाव म्हणते, हाव नडली. इथे हाव कसली? तुम्ही आपलीच वस्तू आपल्याच किमतीला देत होता. मग पिन टाकताना हात का अडखळला नाही? मला वाटते याचे कारण आपल्या सवयीत आहे, आणि ते आपण नीट समजून घेतले पाहिजे.

मनीऑर्डर आठवा. पोस्टमन पडवीत टेकायचा, फॉर्म पुढे करायचा, आजी शाईत अंगठा बुडवून उठवायची, कुणीतरी साक्षीला सही करायचे आणि मग नोटा मोजून हातात पडायच्या. सोसायटीचे कर्ज उचलायचे तर अंगठा. उसाचे बिल घ्यायचे तर सही. निराधार योजनेचे पैसे काढायला अंगठा, रेशनच्या यंत्रावर अंगठा, पीएम किसानचा हप्ता सुरू राहावा म्हणून केवायसी, त्यातही अंगठा नाहीतर मोबाईलवर आलेला आकडा. आपल्या तीन पिढ्यांना व्यवहाराने एकच गोष्ट शिकवली: काही मिळायचे असेल तर आधी अंगठा द्या. म्हणून फोनवरचा माणूस "पिन टाका म्हणजे पैसे येतील" म्हणतो तेव्हा ते आपल्याला वावगे वाटतच नाही.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयची रीत मात्र उलटी आहे. तिथला पिन म्हणजे चेकवरची सही. चेकवर सही कोण करतो? देणारा. घेणारा चेक नुसता घेतो. उद्या कुणी तुमच्या बँकेत जाऊन तुमच्या खात्यावर रोख भरणा केला, तर तुम्ही त्या वेळी रानात पाणी धरत असलात तरी पैसे जमा होतात. कुणी तुमची सही मागायला बांधावर येत नाही. मोबाईलचेही तसेच आहे. पैसे येताना पिन नाही, स्कॅन नाही, बटण दाबणे नाही, मोबाईल बंद असला तरी ते येतात. जिथे पिन मागितला तिथे पैसे जाणार, याला अपवाद एवढाच की शिल्लक बघतानाही पिन लागतो.

आता ते चौकोनी चित्र काय असते? त्यात पैसे घेणाऱ्याचा पत्ता भरलेला असतो. हवी तर रक्कमही आधीच भरून ठेवता येते आणि सोबत दोन शब्दांची चिठ्ठीही लिहिता येते. भामटा पत्ता स्वतःचा भरतो, रक्कम बारा हजार भरतो आणि चिठ्ठीत लिहितो "रिसीव्ह", म्हणजे घ्या. ती चिठ्ठी ठळक दिसते, बाकीचे घाईत वाचले जात नाही. किराणा दुकानात कोण स्कॅन करतो ते आठवा. साखर घेणारा करतो. दुकानदार आपला गल्ल्यावर बसून असतो. यंत्र विकताना दुकानदार तुम्ही आहात. स्कॅन करायचे ते यंत्र घेणाऱ्याने. त्याने तुमचे चित्र स्कॅन करावे, तुम्ही त्याचे नाही.

पूर्वी याचाच आणखी एक प्रकार होता. माणूस दुसऱ्याकडे पैशाची मागणी पाठवू शकत असे आणि "मान्य" म्हणून पिन टाकला की पैसे जात. त्यातून इतके लोक नाडले गेले की १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतली ती मागणीची सोय बंदच करण्यात आली. स्कॅनचा धोका मात्र आहे तिथेच आहे.

पाच रुपयांचे तेवढे सांगून टाकतो. आपल्याकडे विसार घेतला की माणूस शब्दाने बांधला जातो. भामट्याला तुमची ही शालीनता ठाऊक असते. पाच रुपये आले की "माणूस खरा आहे" असे तुमचे मन म्हणते आणि आता मागे हटणे बरे दिसणार नाही असेही म्हणते. त्या पाच रुपयांनी तो काही बांधला जात नाही, तुम्ही बांधले जाता.

आणि जवानाचेच सोंग का? नगरकरांना हे सांगायला नको. १९४८ पासून रणगाडा दलाचे केंद्र आणि प्रशिक्षणशाळा नगरला आहे, यांत्रिकी पायदळाचे केंद्रही इथलेच. रस्त्यावर लष्करी गाडी दिसणे हा आपल्याकडे रोजचा भाग, आणि पुष्कळ घरांतून एक तरी पोरगा सैन्यात. त्यामुळे "कॅम्पात आहे" म्हटल्यावर आपण संशय घेत नाही, घेतला तर आपल्यालाच अपराधी वाटते. पण विचार करा, तो खरोखर कॅम्पात असेल तर नागापूर किती लांब? रविवारी अर्ध्या तासात येऊन यंत्र बघून जाईल. ओळखपत्राचा फोटो पाठवला म्हणून माणूस जवान ठरत नाही. असले फोटो बनावट असतात नाहीतर कुणा बिचाऱ्या खऱ्या जवानाचे चोरलेले. सामान्य माणसाचे कडबाकुट्टी यंत्र वाहायला लष्कराची गाडी येत नसते.

मला स्वतःला या सगळ्यात एकच खूण सगळ्यांत मोठी वाटते. तो घासाघीस करत नाही. घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला आलेला माणूस काय करतो? दात बघतो, कास चाचपतो, चार पावले चालवून बघतो, धार काढून दाखव म्हणतो. मग हेडी उपरण्याखाली हात घालतात, बोटांनी भाव होतो, माणूस उठून जातो, परत येतो. तास-दोन तास मोडतात. ज्याला खरेच पैसे मोजायचे असतात तो असा जीव काढतो. तुमचे यंत्र चालू करून न बघता, पाती किती झिजली हे न विचारता जो बारा हजार देतो म्हणतो, त्याला यंत्र नकोच आहे.

ही माणसे असतात कुठली? असल्या गुन्ह्यांचा माग पोलिसांना वारंवार हरयाणातल्या नूह, राजस्थानातल्या भरतपूर आणि अलवर या मेवात मुलखात घेऊन गेला. २०२३ च्या एप्रिलअखेर हरयाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एकाच रात्री छापे घातले होते. तिकडे जुन्या काळापासून टटलूचा धंदा प्रसिद्ध होता. घर खणताना सोन्याची वीट सापडली म्हणून गिऱ्हाईक बोलवायचे, अस्सल सोन्याचा कण घासून दाखवायचा आणि पितळेची वीट गळ्यात मारायची. आपल्याकडेही असल्या स्वस्त सोन्याला भुलून माणसे आडरानात गेली आणि मार खाऊन आली, हे तुम्ही ऐकलेच असेल. खात्यात आलेले पाच रुपये म्हणजे तोच सोन्याचा कण. फरक एवढाच की आता त्यांना तुम्हाला आडरानात बोलवावे लागत नाही. अर्थात त्या भागातली सगळी माणसे अशी नाहीत. तिथेही आपल्यासारखेच कुणबाव्याचे कष्ट करणारे लोक राहतात, आणि असली टोळी आता कुठूनही बोलते.

तुम्ही म्हणाल, आम्ही यंत्र विकत नाही, आमच्या घरची बाई बचतगटाच्या कुरडया, शेवया आणि मसाला विकते. तिला पार्सलवाल्यांची तऱ्हा सांगितली पाहिजे.

व्ही.पी.ची आठवण घरातल्या वडीलधाऱ्यांना असेल. पुस्तके, बियाण्यांची पाकिटे व्ही.पी.ने यायची. पोस्टमन आधी पैसे घ्यायचा, मग पुडके द्यायचा आणि ते पैसे मागाहून धाडणाऱ्याला मिळायचे. माल आणि पैसा यांची अदलाबदल अशा माणसाच्या हातून व्हायची जो ना तुमचा ना गिऱ्हाइकाचा. आजही पोस्ट आणि कुरिअर कंपन्या माल पोचवताना पैसे वसूल करून देतात. मात्र कुरिअर कोणते हे विकणाऱ्याने ठरवावे आणि पावती आपल्या हातात असावी. "माझा माणूस येईल, त्याच्याजवळ द्या, पैसे पाठवल्याचा फोटो हा घ्या" म्हणणाऱ्याला वीस किलो शेवया बांधून देऊ नका. पैसे गेल्याचा हिरवा फोटो तयार करायला दोन मिनिटे लागतात, आणि तसली हुबेहूब खोटी अॅप्सही निघाली आहेत.

पार्सल गेल्यावर दुसरा फोन येतो. "कुरिअरच्या ऑफिसातून बोलतोय, तुमचे पार्सल अडकले आहे, पत्ता पक्का करायला पाच रुपये भरा, लिंक पाठवली आहे." नाहीतर सांगतो, डिलिव्हरी करणाऱ्या पोराचा नंबर पुढेमागे चांदणी लावून फिरवा. चांदणीचे बटण, मग २१ किंवा ४०१ आणि मग एखादा मोबाईल नंबर, असा आकडा फिरवला की तुमच्या मोबाईलवर येणारे फोन त्याच्याकडे वळतात. बँकेचा खात्रीचा फोनही त्यालाच जातो. चुकून फिरवला गेलाच, तर दोनदा हॅश, मग ००२, मग पुन्हा एकदा हॅश दाबून फोन लावा. वळवलेले फोन परत तुमच्याकडे येतील. आणि "पावती बघा" म्हणून कुणी पाठवलेली, शेवटी एपीके लिहिलेली फाईल उघडू नका. ती पावती नसते. मोबाईलवर येणारे गुप्त आकडे वाचणारा चोर तिच्यातून आत येतो.

मोठ्या रकमेचा प्रकार कांद्यात होतो. लांबच्या राज्यातला व्यापारी फोन करतो, भाव बाजारापेक्षा दोन रुपये चढा, दहा टक्के विसार खरोखर देतो, गाडीही येते. बाकीच्या रकमेचा बँकेच्या स्लिपचा फोटो येतो आणि गाडी सुटते. मोबाईल नव्हता तेव्हाही आपला माणूस असा बुडतच होता. २०२० साली नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतमालाचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा तक्रारींची रीघ लागली होती. नगर जिल्हा त्याच परिक्षेत्रात येतो. गाडी वावरातून हलण्याआधी स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये किंवा पासबुकात शिल्लक बघा. शिल्लक वाढली असेल तरच गाडी सोडा. वजनकाट्याची पावती, गाडीचा नंबर, व्यापाऱ्याचा बाजार समितीचा परवाना, एवढे कागद घरी राहिले पाहिजेत.

मोबाईलवर आलेल्या "जमा" या संदेशावर जाऊ नका. साध्या दहा आकडी नंबरावरून आलेला असेल तर तो बँकेचा नाही. याच संदेशाच्या जोरावर "चुकून ५० हजार आले, ४० परत करा" असे रडगाणे सुरू होते. शिल्लक बघा, बहुतेक वेळा एक पैसाही आलेला नसतो. आणि खरेच आला असेल तर? तरीही तो सांगेल त्या नंबरावर परत पाठवू नका. बँकेत जाऊन लेखी कळवा, बँक आल्या वाटेने परत करील. कारण तो पैसा दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाचा असू शकतो. त्याची तक्रार झाली की पोलीस माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात, खाते गोठते आणि त्यात दुधाचा पगार आणि उसाचे बिल दोन्ही अडकतात. कमिशनवर आपले खाते वापरायला देणाऱ्या पोरांची तर यातून सुटका अवघड असते. तुमचा पोरगा शहरात खोली करून राहत असेल तर त्याला हे मुद्दाम सांगा.

इतके करूनही फसगत झाली तर? पहिला तास फार मोलाचा. तुमचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून बाहेर पडतात. बाहेर पडण्याआधी ज्या खात्यात असतील तिथेच ते रोखता येतात. त्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्यवस्था उभी केली, तिचा आजचा नंबर १९३०. तो लावा. रक्कम, वेळ, तुमचे खाते कोणत्या बँकेत आहे आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतील. तो क्रमांक मोबाईलच्या अॅपमध्येच त्या व्यवहारावर बोट ठेवले की दिसतो. लगोलग बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. मोबाईल हाताळणारे कुणी घरात असेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी जागी तीच तक्रार लेखी नोंदवता येते. रोखलेला पैसा न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकतो. निघून गेलेला मिळणे कठीण. बँकेकडून भरपाईची आशाही थोडी धरा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा की चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तोटा तुमच्यावर येत नाही. पण पिन तुम्हीच टाकला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचेच धरतात. मात्र कळवल्यानंतर काही गेले तर ते बँकेच्या माथी. म्हणूनही लवकर कळवायचे.

पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत येत नाही" असे कुणी म्हणाले तर शांतपणे सांगा: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. फसवणुकीला न्याय संहितेचे कलम ३१८ आहे आणि सोंग घेऊन मोबाईलवरून फसवल्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ड. त्या "जवाना"चे सगळे फोटो, नंबर, बोलणे पुसून टाकू नका. राग आला तरी ठेवा.

पण १९३० लावायला उशीर होतो तो बहुतेक घरातल्या घरातच. मुलगी घाबरून आईला सांगत नाही, आई आण्णांना सांगत नाही, आण्णा चार लोकांत हसे होईल म्हणून गप्प बसतात. संध्याकाळी कळते तोवर पैसा दुसऱ्या राज्यात खर्चूनही झालेला असतो. म्हणून मोबाईल वापरणाऱ्या पोरांना आजच जेवताना सांगून ठेवा, की असे झाले तर आधी फोन लावायचा, ओरडा मागाहून. आणि ओरडायचेही नाही.

आणि ते कडबाकुट्टी यंत्र? टाका की मोबाईलवर, त्यात काही वाईट नाही. जाहिरातीत एवढेच लिहा: "यंत्र नागापुरात गोठ्यात आहे, चालवून बघा, पैसे समोर." फोन करणाऱ्यांतले निम्मे तिथेच गळतील. जो येईल तो कडब्याची पेंढी सारून बघेल, मोटार गरम होते म्हणेल, पाती बदलावी लागतील म्हणून हजार-पाचशे पाडायला सांगेल. त्याला चहा द्या. सौदा दहा-अकरा हजारांवर तुटेल, त्याने तुमचे चित्र स्कॅन करावे नाहीतर नोटा मोजाव्यात, शिल्लक वाढलेली दिसली की यंत्र त्याच्या टेम्पोत चढवा.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर वायरमनचा आणि गॅसवाल्याचा नंबर कोळशाने लिहिलेला असतो. त्याच्याच खाली १९३० लिहून ठेवा, मोठ्या आकड्यांत, आजीला चष्म्याशिवाय दिसेल असा.